ताला, जंगला, बत्ती

भाड्याची खोली मिळावी म्हणून लोक काय काय करतात. कुणी पगाराचा दाखला दाखवतं, कुणी मासे खात नसल्याचं खोटं सांगतं. मला ओरडून दाखवावं लागलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळमध्ये सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते आणि त्यांच्या मधोमध जुनं गावठाण अंग चोरून बसलं होतं. एजंट मला तिथल्या एका कौलारू घराच्या अंगणात घेऊन गेला, तेव्हा माझ्याआधी बँकेतले एक गृहस्थ खोली बघायला आलेले होते. घरमालक त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले होते. साठीचा माणूस, रंध्याने तासल्यासारखं अंग, केस अगदी बारीक कापलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवलेले. शेजारी एक चांगली खुर्ची होती. तिच्यावर कुणीच बसलं नव्हतं, आणि कुणी बसावं असं तिच्याकडे बघून वाटतही नव्हतं.

"बोला, सब ठीक," मालक म्हणाले.

"सब ठीक," गृहस्थ म्हणाले, शेजारच्या टेबलावरून पेन मागावं तसे.

"आवाज भिंतीपल्याड गेला नाय. पुढचा."

पुढचा मी. मी तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वाहतूक कंपनीत नोकरीला होतो. दिवसभर ट्रकवाल्यांवर ओरडायचं हे माझं काम, आणि सुटीच्या दिवशी हौशी नाटकांतून सेनापती, राक्षस आणि गोरा अधिकारी रंगवायचे ही माझी हौस. मी छातीत हवा भरली आणि माझ्या राक्षसाच्या आवाजात "सब ठीक" म्हणालो. शेवग्यावरचे कावळे उडाले. एजंट दोन पावलं मागे सरकला. मालकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"खोली तुमाला दिली. सामान घेऊन या, हवालदार."

भाड्याचं बोलणं झालं, आणि मग अट कळली.

"दिवे लागायच्या टायमाला माझ्या खोलीला बाहेरून ताला लावायचा. सकाली काढायचा. चावी तुमच्याकडं."

"आणि तुम्ही?"

"मी आत."

मला वाटलं, ही गावाकडची थट्टा असेल. मी हसलो. एजंट हसला नाही, त्याने माझा शर्ट मागून हळूच ओढला.

घराच्या पडवीत समोरासमोर दोन खोल्या होत्या. एक माझी, एक त्यांची. त्यांची खोली त्यांनी स्वतः बांधली होती आणि सारं गाव तिला 'बराक' म्हणायचं. खाट नाही, तर झोपायला सिमेंटचा लांबोडा ओटा, माणसाच्या मापाचा. खिडकी उंच, तिला बोटाएवढ्या जाडीचे उभे गज. दाराला बाहेरून कडी, आणि डोळ्याच्या उंचीवर एक भोक. आत एकच दिवा, त्याचं बटण मात्र बाहेर, पडवीत.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला सगळं शिकवलं. कुलूप घालायचं आणि दोन झटके द्यायचे. मग खिडकीशी जाऊन जंगल्यावरून, म्हणजे गजांवरून, काठी फिरवायची. कापलेला गज बोदा वाजतो, चांगला खणखणतो. मग भोकातून दिवा बघायचा. आणि मग पोटातून हाळी द्यायची: "ताला, जंगला, बत्ती, सब ठीक." आतून उत्तर येणार, "एक बंदी, बरोबर." ते आल्यावर मी मोकळा.

लाजेने माझे कान तापले होते, पण नटाला एकदा वाक्य मिळालं की तो ते म्हणतोच. मी हाळी दिली. आतून शांत, समाधानी आवाज आला, "एक बंदी, बरोबर." आठवडाभरात माझ्या हाळीवर शेजारच्या बायका भात टाकू लागल्या. नाटकात मला इतके निष्ठावान प्रेक्षक कधीच मिळाले नाहीत.

गाव त्यांना मुकादम म्हणायचं. शेतावरचे नव्हेत, तुरुंगातले मुकादम.

त्यांची हकीकत त्यांनी मला पडवीत बसून, भाजी निवडत असल्यासारखी सांगितली. खाडीच्या कडेला त्यांचं आणि भावाचं खाजण होतं, खारं पाणी बांधाने अडवलेलं भातशेत. बांधाची झडप उघडायची की नाही यावरून एका संध्याकाळी भांडण लागलं. हातात कोयता होता.

"गावात दिवे लागले, तवर मना आठवतंय," ते म्हणाले. "मग एकदम भाऊ खाली पडलेला. मधलं नाय आठवत. कोरटात पन तेच बोललो. साहेब बोलला, नाटक करतो."

"खरंच नाही आठवत?"

"हवालदार, तुमी नाटकवाले. तुमीच सांगा, येवढं नाटक कोन करील?"

जन्मठेप झाली. बायको मागे तापाने गेली. पाळण्यातली मुलगी, वनिता, मुकादमांच्या बहिणीने वाढवली. म्हणजे ज्या बाईचा एक भाऊ मेला आणि दुसरा त्याला मारून आत गेला, तिने. या आत्याबाई त्याच घराच्या पुढच्या भागात राहायच्या. रोज दोन वेळचं जेवण भावाला पाठवायच्या, पण तो सुटून आल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि ज्या खाजणासाठी हे सगळं झालं, ते पुढे नव्या शहरासाठी गेलं. मुकादमांनी मला एकदा जागा दाखवली. तिथे एसटीडी बूथ होता. एक मुलगा काचेआड फोनवर कुणाला तरी "मी तुझ्यासाठी जीव देईन" म्हणत होता. मुकादम त्याच्या पायाखालच्या लादीकडे बघत होते.

आता तुरुंगातल्या मुकादमाचं. ही गोऱ्या साहेबाची युक्ती. एवढ्या मोठ्या मुलखात एवढे कैदी, आणि त्यांच्यावर ठेवायला शिपाई कुठून आणायचे? मग कैद्यांतलाच एक उचलायचा, त्याला पट्टा द्यायचा, टोपी द्यायची, शिक्षेत थोडी माफी द्यायची आणि बाकीच्यांच्या डोक्यावर उभा करायचा. जो कोंडला गेलाय तोच कोंडणारा. स्वस्तात काम. साहेब गेल्याला कितीतरी वर्षं झाल्यावर आमचे मुकादम आत गेले, तरी पट्टा तोच, नियम तेच, काळ्या दगडाची भिंत तीच. चांगल्या वागणुकीवर त्यांना पट्टा मिळाला आणि रात्रपाळीची हाळी मिळाली. त्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात जे यायचं त्याला मी अभिमान म्हणणार होतो, पण तो शब्द पुरत नाही. घरचं कुणीतरी आठवावं तसं काहीतरी.

"साहेब गेला, साहेब गेला, समदी बोलतात," ते म्हणायचे. "जाताना कोनी बघितला? मी तर नाय बघितला."

त्यांच्या तुरुंगाच्या मधोमध एक बुरूज होता. चारी बाजूंच्या बराकी त्याच्याकडे तोंड करून. बुरुजाच्या डोक्यावर खोली, खोलीला झडपा. पूर्वी म्हणे साहेब तिथे बसायचा आणि कुठली झडप उघडी आहे ते खालून कळायचं नाही. मुकादमांच्या काळात ती खोली कधीचीच बंद होती.

"मग वर कोण असायचं?"

"कोनी नाय. म्हनून तर भ्याव वाटायचं. मानूस असता तर झोपला असता, मुतायला गेला असता. जो नाय तो कवा जानार?"

मुकादम त्या बंद खोलीला येता-जाता सलाम करायचे. सगळेच करायचे. आता नेरूळमध्ये त्यांना ती खोली पुन्हा सापडली होती. आमच्या शेजारच्या सेक्टरच्या टोकाला पाण्याची उंच टाकी होती, खांबांवर उभी, वर गोल काँक्रीट. मुकादम बाजारात जाताना तिच्यापाशी थांबायचे, टाचा जुळवायचे आणि सलाम ठोकायचे. भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचो. पण एकटा असलो की मी त्या टाकीखालून जरा भरभर चालायचो, हे मान्य करायला हरकत नाही.

नवं शहर त्यांना मुळीच नवं वाटत नसे. "ह्यो नकाशा मी वलखतो," ते म्हणायचे. "सेक्टर म्हंजी यार्ड. बिल्डिंगीला नंबर, खोलीला नंबर. आन बघा, समद्यांनी आपापल्या गॅलरीला जंगले ठोकलेत. पदरचे पैसे घालून. येडा मात्र मी एकटा."

एका संध्याकाळी वीज गेली. मी सवयीने कुलूप घातलं, काठी फिरवली आणि हाळी दिली. आतून उत्तर नाही. पुन्हा दिली. तरी नाही. भोकाला डोळा लावला तर आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून, अगदी दाराला चिकटून, त्यांचा आवाज आला.

"बत्ती हाय काय, हवालदार?"

"वीज गेलीय, मुकादम."

"मंग 'बत्ती ठीक' कशाला बोललात?"

"सवयीने."

मग त्याच काळोखातून त्यांनी सांगितलं. एकदा ते बराकीबाहेर रात्रभर हाळी देत होते. ताला, जंगला, बत्ती, सब ठीक. आत माणसं ओळीने झोपलेली. त्यांतला एक कोपऱ्यात भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. यांनी प्रत्येक फेरीला भोकातून बघितलं, त्यालाही मोजलं, आणि हाळी दिली. सकाळी दार उघडलं तेव्हा समजलं, त्याने खिडकीच्या खालच्या गजाला पंच्याची गाठ मारून बसल्या बसल्या गळफास घेतला होता. रात्रीच कधीतरी.

"मी मेल्याला मोजत व्हतो," मुकादम म्हणाले. "आन गिनती बरोबर निघत व्हती. मेला तरी गिनतीत येतो, हवालदार. साहेबाला तेवढंच लागतं."

त्यानंतर मी खोटी हाळी कधी दिली नाही. वीज गेली की मेणबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरायचो, ती त्यांना दिसेपर्यंत.

मग वनिताचं लग्न ठरलं. मुलगा पनवेलकडचा. घरात रंग लागला, मंडप आला, बेंजोवाले ठरले, आणि घराला पेच पडला तो हळदीचा. त्यांच्याकडे हळद लागते दिवेलागणीनंतर, आणि पहिला हात बापाचा.

वनिता माझ्या दारात येऊन उभी राहिली. वाशीच्या एका दुकानात नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. "दादा, त्या दिवशी ताला उशिरा लावा ना. फक्त एक दिवस. कायपन टेन्शन होनार नाय."

"माझ्या हातात आहे का ते? वडिलांना विचार."

"विचारलं. बोलतात, दुपारी लावतो. दुपारी कोनाला हळद लागते? बाबांनी हात नाय लावला तर मी पाटावर बसनार नाय. आत्याला पन सांगितलंय."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "नको बसू. माझी जल्माची फरफट झाली, तुझी पन होऊ दे."

मी मुकादमांना छेडलं. ते ओट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर उताणे.

"दिवसा ह्यो हात माझा असतो," उजव्या हाताकडे बघत ते म्हणाले. "दिवे लागले का कोनाचा होतो, मना म्हाईत नाय. आत व्हतो तवर ह्या हातानं मुंगी मेली नाय. का? तर ताला व्हता. आता पोरीच्या अंगाला लावू ह्यो हात? दिवे लागल्यावर?"

"इतक्या वर्षांत काही झालं नाही ना?"

"इतक्या वर्षांत रोज ताला व्हता. तुमच्याआधीचे भाडेकरू लावायचे, आता तुमी."

माझ्या नाटकी डोक्यात एक युक्ती आली. कैद्याला घरच्या कार्यासाठी सुटी मिळते, साहेबाच्या हुकमावर. आणि साहेब तर माझ्या पेटीत होता. गोऱ्या अधिकाऱ्याचा खाकी कोट, टोपी आणि छडी.

हळदीच्या संध्याकाळी मी नेहमीसारखा ताला लावला, हाळी दिली, उत्तर घेतलं. मंडपात दिवे लागले. वनिता पिवळ्या साडीत पाटाशेजारी उभी, पाटावर बसेना. तेव्हा मी कोट चढवून, टोपी डोळ्यांवर ओढून पडवीत आलो. बेंजोवाल्यांचे हात थांबले. मी ताला काढला, दार पायाने ढकललं आणि माझ्या सगळ्यात खर्जातल्या आवाजात म्हणालो, "बंदी, बाहर."

मुकादम उठले. टाचा जुळल्या, सलाम झाला. दोन पावलं उंबऱ्यापर्यंत आले. मंडपातली माणसं श्वास धरून बघत होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार मजा वाटत होती. आणखी एक शब्द बोललो तर हा माणूस विस्तवावरूनही चालेल, एवढं माझ्या लक्षात आलं.

मग ते थांबले. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे, उंच कुठेतरी बघत होते. तिकडे टाकी होती.

"टोपी काढा, हवालदार," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तो बघतोय. त्याला आवडनार नाय."

मी टोपी काढली. मागे वळून बघायचं मी टाळलं. मुकादम पावलं मोजत मागे गेले आणि ओट्यावर बसले.

वनिताने हळदीची वाटी उचलली, मला बाजूला सारलं आणि सरळ बराकीत शिरली. "दादा, ताला लावा."

"अगं..."

"लावा म्हनते ना."

आत्याबाई मंडपाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मी नवरी मुलगी आणि तिचा बाप दोघांना आत घालून ताला लावला. दोन झटके दिले. गजांवरून काठी फिरवली. मग बत्ती बघायची म्हणून भोकाला डोळा लावला, आणि डोळा मागे घेता येईना.

वनिता जमिनीवर बसली होती. तिने बापाचा उजवा हात धरला, वाटीत बुडवला, आणि उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. पाची बोटं.

"दाब," ती म्हणाली.

मुकादमांचं सगळं अंग थरथरत होतं. हात तेवढा थरथरत नव्हता. तो तिच्या गळ्यावर चिकटल्यासारखा होता. माझ्या हातातली चावी घामाने निसटायला लागली. ताला उघडायला किती वेळ लागेल याचा मी विचार करत होतो.

"दिवे लागलेत, बाबा," वनिता म्हणाली. "कोनाचा हाय हात?"

बाहेर कुणाचं तरी मूल रडायला लागलं, कुणीतरी त्याला दटावलं.

"कोनाचा हाय?"

"माझा," मुकादम म्हणाले.

मी ताला काढला. वनिता बाहेर आली, ती मंडपाच्या झगझगीत दिव्यांत. तिच्या गळ्यावर पाच पिवळी बोटं स्पष्ट उमटलेली होती. बायकांचं गाणं ओठांतच राहिलं. एका म्हातारीने तोंड फिरवलं. त्या गावात प्रत्येकाला ठाऊक होतं की भावाच्या गळ्यावर याच हाताने काय उमटवलं होतं.

आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी भाचीच्या गळ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग आपल्या हाताने ती बोटं पुसून हळद सगळ्या मानेला सारखी पसरवली.

"मेल्याला हळद पन नीट लावता येत नाय," बराकीच्या उघड्या दाराकडे बघत त्या म्हणाल्या.

आतून, इतक्या वर्षांनी बहिणीला पहिलं उत्तर आलं. "शिकवलीस कवा?"

आणि बेंजो सुरू झाला.

लग्न लागलं, वनिता पनवेलला गेली. मुकादम दिवेलागणीनंतर अंगणात बसू लागले. पहिल्या दिवशी भिंतीला पाठ लावून, दुसऱ्या दिवशी भिंत सोडून. आत्याबाई ओसरीवरून त्यांना टोमणे मारायच्या, ते ऐकून घ्यायचे. ताला, काठी, चावी मी त्यांना परत केली. एक चांगला प्रयोग संपल्यासारखं मला जरा सुनं सुनं वाटलं, पण बरंही वाटलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी खोलीत पेपर वाचत पडलो होतो. दार लोटलं गेलं. वाऱ्याने असेल. मग कडी सरकली, आणि ताल्याला दोन झटके बसले.

मी उठून बसलो. माझ्या खिडकीच्या गजांवरून काठी फिरली, एकेका गजावरून, सावकाश. सगळे खणखणले. मग दाराच्या मधोमध, डोळ्याच्या उंचीवर काहीतरी चमकलं. तिथे एक भोक होतं. सकाळी नव्हतं. मी कळंबोलीला असताना दुपारी पाडलेलं असावं, कारण खाली लाकडाचा बारीक भुसा पडला होता. त्या भोकातून एक डोळा माझ्या दिव्याकडे बघत होता.

"मुकादम, हे काय?"

"बराक रिकामी ठेवत नाय, हवालदार," बाहेरून अगदी प्रेमळ आवाज आला. "मी सुटलो. कोनीतरी पायजे ना आत."

मग हाळी आली. मी दिलेल्या कुठल्याही हाळीपेक्षा भरदार, लांब, आयुष्य त्यात घातलेल्या माणसाची. ते उत्तराची वाट बघत होते.

मी दार ठोठावायला हवं होतं. आत्याबाईंना हाका मारायला हव्या होत्या. मी पेपर घडी घालून बाजूला ठेवला, का कोण जाणे दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले, आणि म्हणालो, "एक बंदी, बरोबर."

त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी ताला निघालेलाही कळला नाही. माझं लग्न होईपर्यंत मी ती खोली सोडली नाही.